‘क्रेझी रिच एशियन्स’ आणि दिग्दर्शक जॉन एम. चू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्रपट २०१८ चा असला तरी त्याच्याबद्दलचे प्रश्न अजून थांबलेले नाहीत. जे सारखे कानावर येतात ते इथे एकत्र केले आहेत. पुढे कथेतलं काहीच झाकून ठेवलेलं नाही. शेवट आधी कळलेला ज्यांना चालत नाही, त्यांनी चित्रपट बघून मग इकडे वळावं.

गोष्ट काय आहे, थोडक्यात?

रेचल चू न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत अर्थशास्त्र शिकवते. एकट्या आईने वाढवलेली, चीनमधून स्थलांतरित झालेल्या घरातली हुशार मुलगी. तिचं निक यंगवर प्रेम आहे. जिवलग मित्राच्या लग्नासाठी निक तिला आपल्या गावी, सिंगापूरला घेऊन जातो. तो देशातल्या बड्या श्रीमंत घराण्यांपैकी एकाचा वारस आहे, ही गोष्ट मात्र त्याने तिला सांगितलेलीच नसते. विमानातल्या पहिल्या वर्गातल्या बिछान्यावर बसल्यावर तिला पहिली शंका येते. पुढे निकची आई एलेनॉर, आजी, चुलत-आत्ये भावंडं आणि निकवर डोळा ठेवून बसलेल्या मुली, असं सगळं एकेक करून अंगावर येतं.

मूळ कादंबरी कुणाची? तिला उपहासात्मक का म्हणतात?

केविन क्वान यांची, २०१३ मध्ये आलेली. पुढे २०१५ आणि २०१७ मध्ये आणखी दोन भाग आले आणि त्रयी पूर्ण झाली. क्वान सिंगापूरमध्ये जन्मले आणि अकराव्या वर्षी कुटुंबाबरोबर अमेरिकेत गेले. त्यांचे पणजोबा सिंगापूरच्या ओसीबीसी बँकेच्या संस्थापक संचालकांपैकी होते. म्हणजे ज्या दिवाणखान्यांची त्यांनी टिंगल केली, ते त्यांनी लहानपणी आतून पाहिलेले होते. वडील कर्करोगाने आजारी असताना दोघं जुन्या सिंगापूरच्या आठवणी काढत बसायचे, त्यातून हे लेखन सुरू झालं असं त्यांनी सांगितलं आहे.

उपहास कसा, ते सुरुवातीलाच कळतं. लंडनचं एक उंची हॉटेल पाऊसपाण्यात भिजून आलेल्या चिनी बायकामुलांना आरक्षण असूनही खोली नाकारतं. थोड्याच वेळात तेच कुटुंब हॉटेलचं मालक होऊन परत आत येतं. वाचक टाळी वाजवायच्या बेतात असतो. पण ही मंडळी भिजली का? तर टॅक्सीचे पैसे वाचवायला पोरांना भुयारी रेल्वेने आणून पुढे चालवत आणलं म्हणून! हॉटेल विकत घेण्याची ऐपत आणि टॅक्सीला पैसे सुटेनात. क्वान यांची सगळी मजा या जागी आहे. अपमान झालेल्यांची बाजू घेता घेता ते त्यांनाच हळूच चिमटा काढतात. शिवाय पानोपानी तळटीपा आहेत. बोलीतल्या शिव्या, खाद्यपदार्थ, शाळांची प्रतिष्ठा, सगळ्यावर लेखक बाजूला उभा राहून कुजबुजत असतो.

मग तो उपहास चित्रपटात उरला आहे का? मला तर श्रीमंतीची जाहिरात वाटली.

ही तक्रार सर्वात जास्त ऐकू येते आणि ती निम्मी खरी आहे.

कागदावर एखाद्या गाऊनची किंमत आणि शिंप्याचं नाव लिहिलं की वाक्यातच खोच येते. अशी दहा नावं ओळीने आली की वाचणाऱ्याला अजीर्ण होतं, आणि लेखकाला तेच हवं असतं. पडद्यावर तोच गाऊन फक्त सुंदर दिसतो. कॅमेऱ्याला तळटीप देता येत नाही. त्यातून प्रेमकथेचा प्रकारच असा की प्रेक्षकाला त्या जगाचा मोह पडायला हवा. मोह पडला नाही तर रेचल काय नाकारते आहे, हे कसं कळणार?

जो उपहास उरला आहे, त्याचा रोख बदललेला आहे. हसू येतं ते रेचलची मैत्रीण पेक लिन हिच्या गोह कुटुंबाच्या सोन्याने मढवलेल्या घराला. ट्रम्प यांच्या न्हाणीघरावरून सजावटीची कल्पना घेतल्याचं ते अभिमानाने सांगतात. हसू येतं ते मासिकातल्या कौटुंबिक छायाचित्रासाठी बायकोमुलांचा जीव खाणाऱ्या एडी या निकच्या भावंडाला. म्हणजे नवश्रीमंतांवर हसायला मोकळीक आणि जुन्या घराण्याचा वाडा आला की कॅमेरा जणू चपला बाहेर काढून आत जातो. कादंबरीने जुन्यांनाही असं सोडलेलं नव्हतं.

तरीही याला फसलेलं रूपांतर म्हणणं मला पटत नाही. दोन्ही कृती दोन वेगळ्या जागांवरून पाहिलेल्या आहेत. क्वान त्या वाड्यांच्या जगातले नातू. जॉन चू हे कॅलिफोर्नियात चिनी रेस्टॉरंट चालवणाऱ्या जोडप्याचे चिरंजीव. कादंबरी निकच्या घरात बसून लिहिलेली आहे आणि चित्रपट रेचलच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. घरातला माणूस घरच्यांची टर उडवतो. बाहेरून आलेली मुलगी आधी डोळे विस्फारून बघते, मग दुखावते, मग पाय रोवून उभी राहते. चू यांनी हा दुसरा प्रवास निवडला. त्यात टिंगल कमी होणारच होती.

कथेत मोठे बदल कोणते केले?

तीन महत्त्वाचे. लंडनच्या हॉटेलचा प्रसंग पुस्तकात मुख्यतः निकच्या आत्याभोवती, म्हणजे त्याची आत्येबहीण ॲस्ट्रिड हिच्या आईभोवती आहे. हॉटेल घेणारा तिचा नवरा. चित्रपटात दूरध्वनी करून डाव फिरवणारी बाई एलेनॉर आहे. पहिल्या पाच मिनिटांत प्रेक्षकाला समजतं की या बाईने अपमान गिळलेला आहे आणि त्याची परतफेड करायला ती शिकली आहे. पुढे तीच बाई रेचलचा अपमान करते तेव्हा हे सारखं आठवत राहतं. मला हा बदल सगळ्यात हुशारीचा वाटतो.

दुसरा बदल ॲस्ट्रिडच्या संसाराचा. पुस्तकात तिचा नवरा मायकल बाहेरख्यालीपणाचं नाटक करतो. बायकोच्या पैशापुढे सतत लहान वाटणाऱ्या माणसाला त्या लग्नातून सुटण्याची दुसरी वाट सुचत नाही. चित्रपटात त्याचं प्रकरण खरंखुरं आहे. गोष्ट सोपी झाली, पण पातळही झाली. ॲस्ट्रिड झालेल्या जेमा चॅन यांच्या वाट्याला एक छान करारी प्रसंग येतो, नवऱ्याला मोठं वाटवून देणं हे आपलं काम नाही असं ती सुनावते. पण ज्यांनी पुस्तक आधी वाचलंय त्यांची इथे निराशा होते, आणि ती रास्त आहे.

तिसरा बदल म्हणजे शेवट. विमानातली मागणी, एलेनॉरची पाचूची अंगठी, टाळ्या, हे सगळं चित्रपटाचं. पुस्तक इतक्या गोडीने संपत नाही. निकचे वडील मात्र चित्रपटात एकदाही दिसत नाहीत, ते ‘कामासाठी बाहेरगावी’ असतात. त्यामुळे घरातल्या सत्तेचा सगळा व्यवहार बायकांच्या हातात येतो : आजी, आई आणि येऊ घातलेली सून.

माहजाँगचा प्रसंग सगळे वाखाणतात. त्यात नेमकं काय घडतं? मला खेळ येत नाही.

खेळ न येताही प्रसंग कळतो, पण आला तर त्याची धार जाणवते.

माहजाँग चौघांनी खेळायचा. प्रत्येकाने आळीपाळीने सोंगटी उचलायची, एक टाकायची आणि हातातल्या सोंगट्यांचे ठरावीक संच जुळवायचे. शेवटची एकच सोंगटी बाकी असेल तर ती स्वतः उचलावी लागते, नाहीतर दुसऱ्याने टाकलेली उचलून डाव जिंकता येतो.

इथे रेचल आणि एलेनॉर दोघीही बांबूच्या आठ या एकाच सोंगटीची वाट बघत असतात. ती रेचलच्या हाती येते. ठेवली तर डाव तिचा. बोलता बोलता ती एलेनॉरला सांगते की निकने मागणी घातली होती, घरदार सोडायची तयारी दाखवली होती आणि मी नकार दिला. त्याने मला निवडलं असतं तर तो आईला मुकला असता, तुम्ही जिंकला असता तर तो आयुष्यभर तुमच्यावर रुसून राहिला असता. मग ती सोंगटी टाकून देते. एलेनॉर ती उचलते आणि जिंकते. आता रेचल आपल्या सोंगट्या उलट्या करून दाखवते. उद्या तुमचा मुलगा दुसऱ्या कुणाशी सुखाने संसार करेल, तुम्ही नातवंडं खेळवाल, तेव्हा हे एका गरीब, बापाविना वाढलेल्या, कुठून तरी आलेल्या मुलीमुळे झालं हे लक्षात ठेवा, अशा अर्थाचं बोलून ती उठते. दाराशी तिची आई उभी असते. दोघी निघून जातात.

आता चित्रपटाची सुरुवात आठवा. वर्गात रेचल विद्यार्थ्यांसमोर पोकर खेळून जिंकते आणि समजावते की समोरचा हरू नये म्हणून खेळत होता, जिंकण्यासाठी नव्हे. तिचा विषय गेम थिअरी, म्हणजे डावपेचांचं गणित आहे. शेवटी ती तोच धडा उलटा करून वापरते. जिंकण्याची ताकद हातात असताना हरते आणि ते समोरच्या बाईला दाखवते. सासू बोलत नाही, कारण बोलण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

हा प्रसंग कादंबरीत नाही. तो पटकथेत लिहिला गेला. पटकथा पीटर कियारेली आणि मलेशियात वाढलेल्या ॲडेल लिम यांची. उपहास गेला म्हणून हळहळणाऱ्यांनी त्याच्या बदल्यात काय मिळालं, हे इथे बघावं.

एलेनॉर खलनायिका आहे का?

नाही, आणि ती तशी होऊ नये याची काळजी तिचं काम करणाऱ्या मिशेल योह यांनी घेतली. ही बाई नुसती दुष्ट रंगवणार असाल तर मी करणार नाही, असं त्यांनी दिग्दर्शकाला आधीच सांगितलं होतं. म्हणून पडद्यावर तिला तिची बाजू मिळते. ती केंब्रिजमध्ये कायदा शिकत होती, लग्नासाठी शिक्षण सोडलं. तिच्या सासूने घराण्याची अंगठी तिच्यासाठी दिली नाही, नवऱ्याला वेगळी घडवून घ्यावी लागली. जिन्यात ती रेचलला अगदी हळू आवाजात सांगते की तू कधीच पुरी पडणार नाहीस. ते ऐकताना वाटतं, हे वाक्य हिने आधी स्वतःबद्दल ऐकलेलं असणार.

सासुरवास सोसलेली सून सासू झाल्यावर तेच करते, ही गोष्ट आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणून तर हा चित्रपट आपल्याकडच्या प्रेक्षकांना उपशीर्षकांशिवायही समजला असता.

जाता जाता, ती पाचूची अंगठी योह यांच्या स्वतःच्या संग्रहातली आहे.

जॉन चू कोण? आधी त्यांनी काय केलं होतं?

जन्म १९७९, कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोचा. पाच भावंडांत धाकटे. आईवडिलांचं लॉस आल्टोसमधलं ‘शेफ चूज’ हे रेस्टॉरंट १९७० पासून चालू आहे. सिलिकॉन व्हॅली जवळच असल्यामुळे तिथे जेवायला येणाऱ्यांत संगणक क्षेत्रातले लोक पुष्कळ. मालकांच्या मुलाला चित्रपटांचं वेड आहे हे कळल्यावर त्यांनी संगणक आणि संकलनाची साधनं आणून दिली, अशी आठवण चू सांगतात. पुढे ते युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाच्या चित्रपट विभागात शिकले.

पहिला चित्रपट २००८ चा, ‘स्टेप अप’ या नृत्यपटांच्या मालिकेतला दुसरा भाग. मग तिसरा भाग, जस्टिन बीबरवरचा माहितीपट, ‘जी. आय. जो’चा पुढचा भाग, ‘नाऊ यू सी मी’चा दुसरा भाग. यादी नीट पाहिली तर लक्षात येतं की बहुतेक वेळा दुसऱ्याने मांडलेल्या संसारात ते पाहुणे म्हणून गेलेले आहेत. स्टुडिओला वेळेत आणि चकचकीत काम करून देणारा भरवशाचा माणूस, अशी ओळख. मधे २०१५ मध्ये ‘जेम अँड द होलोग्राम्स’ इतका सपशेल आपटला की दोन आठवड्यांत चित्रपटगृहांतून उतरवावा लागला.

अशा दिग्दर्शकाला हा विषय कसा सुचला?

हॉलिवुडमध्ये आशियाई पात्रांच्या भूमिका गोऱ्या नटांना दिल्या जातात, यावरून २०१६ च्या सुमाराला समाजमाध्यमांवर मोठा गदारोळ उठला. तो वाचताना चू यांना जाणवलं की आपण तर या उद्योगाच्या आत आहोत, मग आपण काय केलं? विद्यार्थी असताना त्यांनी स्वतःच्या चिनी-अमेरिकी ओळखीवर एक लघुपट केला होता, पण त्यानंतर हा विषय टाळला होता. ज्याची भीती वाटते तेच करायचं, असं ठरवून ते या कादंबरीकडे आले.

नृत्यपटांचा अनुभव वाया गेला नाही, हेही सांगायला हवं. न्यूयॉर्कमध्ये निक-रेचलला पाहून एका मुलीने रेचलबद्दल सोडलेली बातमी काही क्षणांत फोनवरून फोनवर जगभर पसरते, तो सुरुवातीचा तुकडा एखाद्या समूहनृत्यासारखाच बसवलेला आहे. आणि लग्नाचा प्रसंग! चर्चमधल्या वाटेवर पाणी खेळवलेलं, नवरी त्यातून चालत येते, मागे हलक्या आवाजात जुनं इंग्रजी प्रेमगीत, आणि निक-रेचल एकमेकांकडे बघतात. संवाद जवळजवळ नाहीत. असला प्रसंग नृत्याची जाण असलेल्या माणसालाच सुचतो.

नेटफ्लिक्सचा भरघोस प्रस्ताव का नाकारला?

नेटफ्लिक्स तिन्ही भागांची हमी द्यायला तयार होतं, वर पैसेही पुष्कळ. वॉर्नर ब्रदर्सचा प्रस्ताव त्या मानाने लहान. क्वान आणि चू यांनी वॉर्नर निवडलं, कारण त्यांना चित्रपट थिएटरात हवा होता. तिकीट काढून, अंधारात, अनोळखी लोकांबरोबर बसून आशियाई चेहरे बघितले जावेत आणि पडला तर सगळ्यांसमोर पडावा, असा हट्ट होता. हक्क विकताना क्वान यांनी फक्त १ डॉलर घेतला होता. बदल्यात निर्णयात वाटा मागून घेतला. त्याआधी एका निर्मात्याने रेचलला गोरी करू या अशी सूचना केली होती, असं त्यांनी सांगितलं आहे. १ डॉलरचा सौदा का केला, ते त्यावरून कळतं.

निकचं काम करणारा हेन्री गोल्डिंग आधी कुठे होता?

टीव्हीवर, प्रवासाचे कार्यक्रम सादर करत. मलेशियातल्या सारावाकमध्ये जन्म, वडील इंग्रज, आई तिथल्या इबान समाजातली. चू यांनी नायकासाठी जगभर शोध घेतला, ऑनलाइन निवडचाचण्याही घेतल्या. शेवटी नाव सुचवलं ते मलेशियातल्या निर्मितीचा हिशेब बघणाऱ्या एका बाईंनी. त्यांनी गोल्डिंगला बऱ्याच वर्षांपूर्वी एका कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करताना पाहिलं होतं. हा त्याचा पहिलाच चित्रपट. तो पुरेसा ‘आशियाई’ नाही, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. अर्धं आयुष्य आशियात काढलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं, हे जरा विचित्रच.

रेचलचं काम करणाऱ्या कॉन्स्टन्स वू यांच्या तारखा तर एका मालिकेत अडकल्या होत्या. त्यांनी चू यांना मेल लिहिली, ही भूमिका माझ्यासाठी किती मोलाची आहे ते कळवलं, आणि चित्रीकरण काही महिने पुढे ढकललं गेलं. ते सुरू झालं एप्रिल २०१७ मध्ये.

सगळं सिंगापूरमध्येच चित्रित झालं का?

नाही. बराच भाग मलेशियातला आहे. आजीचा टायरसॉल पार्क हा वाडा म्हणजे क्वालालंपूरमधलं कारकोसा सेरी नगारा, ब्रिटिश अमदानीतलं निवासस्थान. माहजाँगचा प्रसंग पेनांगमधल्या चाँग फॅट त्झे या निळ्या हवेलीतला. नवरीच्या मैत्रिणींची सहल लंगकावी बेटावर.

सिंगापूरचं म्हणाल तर लग्न लागतं ते चाइम्स या जुन्या चर्चच्या वास्तूत, स्वागतसमारंभ गार्डन्स बाय द बेमधल्या उंच कृत्रिम झाडांखाली, शेवटची मेजवानी मरीना बे सँड्सच्या गच्चीवर. आणि पोहोचल्याबरोबर निक, रेचल आणि ज्यांचं लग्न आहे ते दोघं जिथे जेवायला जातात ते न्यूटन फूड सेंटर. माझ्या मते संपूर्ण चित्रपटात सर्वात जिवंत सिंगापूर तेवढंच आहे.

शेवटाकडचं चिनी गाणं ओळखीचं वाटतं. कुठलं आहे?

कोल्डप्लेचं ‘यलो’, मँडरिनमध्ये. गायलंय कॅथरीन हो या तेव्हा कॉलेजात असलेल्या मुलीने. पिवळा हा शब्द अमेरिकेत आशियाई लोकांना हिणवायला वापरला जातो, त्यामुळे परवानगी मिळणं अवघड होतं. चू यांनी बँडला स्वतः पत्र लिहिलं. लहानपणी ज्या शब्दाने दुखावलं, तोच या गाण्यात पहिल्यांदा सुंदर वाटला, असा त्याचा आशय. परवानगी मिळाली.

‘हॉलिवुडचा पहिला आशियाई चित्रपट’ हे खरं आहे का?

असं सरसकट म्हणणं चूक. १९९३ मध्ये वेन वँग यांचा ‘द जॉय लक क्लब’ आला होता, तोही एमी टॅन यांच्या कादंबरीवरून. बरोबर विधान असं : आजच्या काळात घडणारा, बहुतेक सगळे कलाकार आशियाई वंशाचे असलेला, मोठ्या हॉलिवुड स्टुडिओचा चित्रपट त्यानंतर थेट २५ वर्षांनी आला. आजीच्या भूमिकेतल्या लिसा लू दोन्ही चित्रपटांत आहेत. त्यांचा जन्म १९२७ चा. वाड्यात सगळे त्यांच्यापुढे अदबीने वाकतात, त्यात अभिनय किती आणि खरा आदर किती, कोण जाणे.

कमाई किती झाली? आणि चीनमध्ये का पडला?

खर्च सुमारे ३ कोटी डॉलर, जगभरची कमाई २३ कोटी ८० लाखांच्या आसपास. त्यातले १७ कोटींहून अधिक एकट्या अमेरिका-कॅनडातले. विशेष म्हणजे दुसऱ्या शनिवार-रविवारी गर्दी जेमतेम ६ टक्क्यांनी घटली. एरवी ती निम्म्यावर येते. म्हणजे पाहून आलेल्यांनी दुसऱ्यांना पाठवलं, काही आजीआजोबांना घेऊन पुन्हा गेले.

चीनमध्ये तो नोव्हेंबरच्या अखेरीस, अमेरिकेनंतर तीन महिन्यांहून अधिक काळाने लागला आणि अगदीच थंडा पडला. तिथल्या प्रेक्षकाला पडद्यावर चिनी चेहरे दिसण्यात नवल ते काय? तो रोजच बघतो. उरली ती परदेशी वाढलेल्या मुलीची व्यथा, आणि ती व्यथा अमेरिकेची आहे. रेचलच्या डोळ्यांनी पाहिलेला चित्रपट, असं वर म्हटलं ते इथे आकड्यांत दिसतं.

सिंगापूरचे काही लोक नाराज का झाले? भारतीय त्यात कुठे आहेत?

सिंगापूरच्या लोकसंख्येत चिनी वंशाचे साधारण तीन चतुर्थांश. मलाय सुमारे १३ टक्के, भारतीय ९ टक्क्यांच्या आसपास. चार अधिकृत भाषांमध्ये तमिळ आहे. चित्रपटात या लोकांना जागा जवळजवळ नाहीच. दक्षिण आशियाई चेहरे ठळक दिसतात ते वाड्याच्या फाटकावरच्या बंदूकधारी पहारेकऱ्यांचे, आणि तो प्रसंग रेचल-पेक लिनच्या घाबरण्याचा विनोद म्हणून येतो. नावात ‘एशियन्स’ आणि आशियातला एवढा मोठा भाग दाराबाहेर, ही टीका मला रास्त वाटते. गोष्ट एका चिनी घराण्याची आहे, हे उत्तर खरं आहे. पण जाहिरातीत तिला साऱ्या आशियाचा विजय म्हटलं गेलं, मग प्रश्न विचारले जाणारच.

हे एवढ्यावर थांबलं नाही. चू यांनी २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या लॅटिनो वस्तीवर ‘इन द हाइट्स’ केला, तेव्हा सावळ्या आफ्रो-लॅटिनो लोकांना प्रमुख भूमिकांत डावलल्याची टीका झाली. एका समाजाला पडद्यावर आणताना दुसरा चौकटीबाहेर राहतो, हा त्यांच्या बाबतीतला ओळीने दुसरा अनुभव. दिग्दर्शक म्हणून त्यांची ही उणीव मान्य करायला हवी.

पेक लिनच्या बोलण्यावर वाद कसला होता?

ऑक्वाफिना यांनी तिला कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या ढंगात बोलायला लावलं, असा आक्षेप. सिंगापूरला वाढलेली मुलगी अशी का बोलेल, हा सरळ प्रश्न. ती विनोद मात्र फर्मास करते, त्यामुळे बघताना हे लक्षात यायला वेळ लागतो.

ऑस्कर मिळालं का?

नाही, नामांकनही नाही. गोल्डन ग्लोबसाठी सर्वोत्कृष्ट विनोदी वा संगीत चित्रपट आणि अभिनेत्री अशी दोन नामांकनं होती. योह यांना ऑस्कर मिळालं ते २०२३ मध्ये, दुसऱ्या चित्रपटासाठी. चू यांच्या २०२४ च्या ‘विकेड’ला १० नामांकनं मिळाली, त्यातली वेशभूषा आणि कलादिग्दर्शनाची दोन पदरात पडली.

पुस्तक आधी वाचावं की चित्रपट आधी बघावा?

चित्रपट आधी. उलट केलंत तर ॲस्ट्रिड आणि तिचा जुना प्रियकर चार्ली यांच्यासाठी सारखं चुकचुकत बसाल. चित्रपटानंतर पुस्तक उघडलं की त्याच वाड्याची मागची बाजू दिसते : भांडणं, कंजूषपणा, मृत्युपत्राच्या काळज्या. आणि तळटीपा गाळू नका, निम्मा मजकूर तिथे आहे.

दुसरा भाग का आला नाही?

तयारी २०१८ मध्येच जाहीर झाली होती. २०१९ मध्ये बातमी आली की ॲडेल लिम बाहेर पडल्या. कियारेली यांना ८ ते १० लाख डॉलर आणि लिम यांना १ लाख १० हजारांच्या आसपास, असे प्रस्ताव असल्याचं ‘हॉलिवुड रिपोर्टर’ने छापलं. अनुभवावरून मानधन ठरतं, हा स्टुडिओचा खुलासा. कियारेली यांनी आपल्यातलं अर्धं देऊ केलं. लिम यांनी ते घेतलं नाही. आपलं मोल एखाद्या गोऱ्या लेखकाच्या औदार्यावर ठरू नये, असं त्यांचं म्हणणं. बायका आणि गौरेतर लेखकांकडे चवीपुरता वरून शिंपडायचा सोया सॉस म्हणून बघितलं जातं, असंही त्या बोलल्या. ज्या चित्रपटाने समान वागणुकीचा झेंडा मिरवला, त्याच्याच घरात हा प्रकार! खरा उपहास क्वान यांनाही याहून चांगला लिहिता आला नसता.

लिम पुढे स्वतः दिग्दर्शक झाल्या, २०२३ मध्ये ‘जॉय राइड’ घेऊन आल्या. चू संगीतपटांत गुंतले. आणि पुढच्या भागाचा धागा म्हणून सोडलेला तो छोटा तुकडा, श्रेयनामावली मध्येच थांबवून आलेली ॲस्ट्रिड आणि हॅरी शम ज्युनियर यांच्या चार्ली वूची नजरानजर, तेवढाच राहिला. पुष्कळ जण त्याआधीच उठतात. बसून राहा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.